'अकरा वर्षं काम करतेय' हे इंग्रजीत सांगताना माझं नेमकं काय चुकलं?

केळफूल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

मी दादरला एका पॅथॉलॉजी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर आहे. सकाळी सातला शटर वर जातं, तेव्हापासून काउंटर आणि रक्त घेणं दोन्ही माझ्याकडे. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून, लालबागला. मागच्या महिन्यात अंधेरीच्या एका मोठ्या लॅबमध्ये सेंटर इनचार्जच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. समोर दोघं होते. त्यातल्या एकाने विचारलं, "हाऊ लाँग हॅव यू बीन वर्किंग देअर?" मी लगेच म्हटलं, "आय अ‍ॅम वर्किंग देअर सिन्स इलेव्हन इयर्स."

त्याने शेजारच्याकडे बघितलं, ओठ दाबले आणि मला म्हणाला, "यू मीन, यू हॅव बीन." त्यानंतरचे सगळे प्रश्न त्यांनी हिंदीत विचारले. चूक दाखवली त्याचं काही वाटलं नाही. भाषा बदलली ते लागलं. अंधेरी ते दादर गाडीत उभी होते, डोक्यात तेच वाक्य फिरत होतं.

घरी येऊन मुलीचं व्याकरणाचं पुस्तक काढलं. त्यात तक्ता आहे: हॅव किंवा हॅज, मग बीन, मग आयएनजी. पाठ करायला पाच मिनिटं लागली. पण माझं अडतंय ते वेगळीकडेच. मी आजही तिथेच काम करतेय, काम चालू आहे. चालू आहे तर चालू वर्तमानकाळ. मग 'अ‍ॅम वर्किंग' चुकीचं का? हे कुणी मराठीतून समजावेल का? नुसता नियम नको, कारण हवं आहे.

रात्रशाळा

केळफूलताई, परळच्या एका रात्रशाळेत मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दिवसभर दुकानात, कँटीनमध्ये, छापखान्यात राबून मुलं साडेसहाला वर्गात यायची. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने हेच वाक्य हीच चूक करून म्हटलेलं आहे. इतक्या जणांची चूक एकाच जागी होते, कारण प्रत्येक जण आपली मराठी बरोबर बोलत असतो. तुमचं वाक्य मराठी म्हणून पूर्ण बरोबर आहे, म्हणूनच ते इंग्रजीत अडलं.

कारण तुमच्याच कामातून सांगतो. फास्टिंग शुगरसाठी पेशंट आला की तुम्ही काय विचारता? "उपाशी आहात ना?" आणि लगेच पुढे, "कधीपासून उपाशी आहात?" दोन्हीकडे तुम्ही 'आहात'च म्हणालात. मराठीतला हा 'आहे' मागे हवा तितका लांब पोचतो. आत्ता उपाशी असलो तरी 'आहे', काल रात्री नऊपासून असलो तरी 'आहे'.

इंग्रजीतले 'अ‍ॅम', 'इज', 'आर' मागे जात नाहीत, त्यांची नजर फक्त या घडीवर असते. "आर यू फास्टिंग?" या प्रश्नाला पेशंट "येस" म्हणाला तर तुम्हाला एवढंच कळतं की या मिनिटाला त्याच्या पोटात अन्न चाललेलं नाही. दोन तास झाले की बारा, ते त्या 'आर'मधून कळणार नाही. तुमच्या टेस्टला तर निदान आठ तास हवे असतात. मग ते आठ तास वाक्यात आणायला इंग्रजीला दुसरं क्रियापद बोलवावं लागतं. ते म्हणजे 'हॅव'. "हाऊ लाँग हॅव यू बीन फास्टिंग?" यातला 'हॅव' सांगतो की मागचा काळ पदरात जमा आहे. 'बीन' सांगतो की मधला सगळा वेळ हीच अवस्था होती. 'फास्टिंग' सांगतो की ते अजून चालू आहे. तीन शब्दांची तीन कामं आहेत. मराठीत ही तिन्ही कामं 'आहे' आणि 'पासून' मिळून करतात.

तुमची अकरा वर्षं तशीच. "आय अ‍ॅम वर्किंग देअर" एवढं म्हणून थांबला असतात तर वाक्य बरोबर होतं. त्याला अकरा वर्षांची शेपटी जोडली आणि 'अ‍ॅम'ला ती पेलेना.

एक गोष्ट तेव्हा कुणी सांगितली नसेल म्हणून सांगतो. त्या माणसाने प्रश्नातच उत्तर दिलं होतं. "हॅव यू बीन वर्किंग" असं विचारलं की "आय हॅव बीन वर्किंग" असंच उत्तर निघतं. प्रश्नातलं क्रियापद उचलायचं आणि 'यू'च्या जागी 'आय' घालायचा. इंग्रजीत बहुतेक वेळा हे चालतं. मुलाखतीत घाबरायला झालं की प्रश्नाचं पहिलं टोक नीट ऐकायचं.

केळफूल

सर, 'आर यू फास्टिंग' मी रोज चाळीस वेळा म्हणत असेन, पण त्याच्याकडे असं कधी बघितलंच नाही. अजून एक विचारते. 'सिन्स इलेव्हन इयर्स'मधला 'सिन्स'पण चूक का?

रात्रशाळा

हो, आणि यालाही मराठीच कारण आहे. आपण 'अकरा वर्षांपासून' म्हणतो आणि '२०१४ पासून'ही म्हणतो. दोन्हीकडे 'पासून', त्यामुळे दोन्हीकडे 'सिन्स' येतो. इंग्रजीत जिथून सुरुवात झाली त्या खुणेला 'सिन्स' लागतो आणि जेवढा वेळ गेला त्या मापाला 'फॉर'.

ओळखायची युक्ती मराठीतच आहे. 'पासून' काढून 'गेली' लावून बघा. 'गेली अकरा वर्षं' म्हणता येतं, म्हणून "फॉर इलेव्हन इयर्स". 'गेली २०१४' म्हणता येत नाही, म्हणून "सिन्स २०१४". 'गेले तीन दिवस', फॉर. 'गेला सोमवार काम करतेय' असं कुणी म्हणत नाही, 'सोमवारपासून'च म्हणतात, म्हणून सिन्स. माझ्या वर्गात फळ्यावर दुसरं काही उरलं नाही तरी ही एक ओळ मी रोज ठेवायचो.

मालाडकर

सरांनी मुळालाच हात घातलाय. मी सहा वर्षं मालाडला कॉल सेंटरमध्ये होतो, रात्रपाळीत, परदेशातल्या ग्राहकांसाठी. ट्रेनिंगचे पहिले पंधरा दिवस आमच्या बॅचचं एकच काम होतं, चुकीच्या जागचा आयएनजी काढणं. मराठी, गुजराती, हिंदी, कुणीही असो, सगळ्यांचा एकच रोग.

"आय अ‍ॅम नॉट हियरिंग यू." "आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग युअर प्रॉब्लेम." "सर, आर यू हॅविंग युअर अकाउंट नंबर?" यातलं प्रत्येक वाक्य मराठीत बरोबर आहे. "आवाज येत नाहीये." "मला समजत नाहीये." आपण फोनवर "येतोय का आवाज?" असंच विचारतो, सांताक्रूझच्या पुढे गाडीत नेटवर्क गेलं की अख्खा डबा तेच म्हणत असतो. इंग्रजीत मात्र "कॅन यू हियर मी?"

आमची ट्रेनर म्हणायची, हियर, नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, बिलाँग, ओन असली क्रियापदं म्हणजे कृती नाहीत, स्थिती आहेत, त्यांना आयएनजी लावू नका. यादी पाठ केली. पण खरा फरक मला नंतर स्वतःहून दिसला, इथे लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. ज्या मराठी वाक्याची सुरुवात 'मी'ने नाही, 'मला'ने किंवा 'माझ्याकडे'ने होते, तिथे इंग्रजीत आयएनजी लावण्याआधी थांबायचं. मला आठवतंय, मला दिसतंय, मला कळतंय, मला हवंय, मला पटतंय, माझ्याकडे आहे. यातलं काहीच आपण 'करत' नाही, आपल्याला 'होतं'. मराठीने तो फरक 'मी' आणि 'मला'मध्ये ठेवलाय, इंग्रजीने आयएनजी लावण्या-न लावण्यात ठेवलाय.

रात्रशाळा

मालाडकर, पंचवीस वर्षांत मला हे असं सुचलं नव्हतं. फार चांगलं निरीक्षण. एकच भर घालतो, हा नियम 'बहुतेक' वेळा चालतो. 'मला बरं वाटतंय' हे "आय अ‍ॅम फीलिंग बेटर" असंच म्हणतात आणि ते शुद्ध आहे. 'दुखतंय'चंही दोन्ही चालतं, "इट हर्ट्स" आणि "इट इज हर्टिंग".

आणि 'हॅव'चे दोन अर्थ वेगळे ठेवायचे. जवळ असणं या अर्थाने आयएनजी नाही, "आय हॅव टू सिस्टर्स". पण "वी आर हॅविंग लंच" बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे खाणं, कृती आहे. 'थिंक'चंही तेच. 'मला वाटतं' असेल तर "आय थिंक", 'विचार करतोय' असेल तर "आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट इट". बघा, इथेही 'मला' आणि 'मी' हाच फरक निघाला.

उपशीर्षक

धागा वाचून राहवलं नाही. मी मराठी मालिकांची इंग्रजी उपशीर्षकं करते, घरूनच, मुलुंडला. आत्तापर्यंत जे बोलणं झालं ते मराठीत '-तोय' आहे आणि इंग्रजीत आयएनजी नाही याबद्दल. मला रोज याच्या उलटं भेटतं आणि नवीन मुलं तिथे जास्त घसरतात.

आजी खिडकीत बसली आहे. बाबा दारात उभे आहेत. बाळ झोपलंय. सूनबाई हिरवी पैठणी नेसली आहे. रिक्षा खाली थांबली आहे. यात एकही '-तोय' नाही. 'बसली आहे', 'नेसली आहे' हा मराठीत पूर्ण काळ. शिकाऊ भाषांतरकार सरळ लिहितो, "ग्रँडमा हॅज सॅट". इंग्रजीत हवं "ग्रँडमा इज सिटिंग बाय द विंडो", "द बेबी इज स्लीपिंग", "शी इज वेअरिंग अ ग्रीन पैठणी".

मराठी माणसाच्या डोळ्यांनी बघितलं तर आपलं जास्त नेमकं आहे, असं मला मनापासून वाटतं. बसण्याची क्रिया होऊन गेली, आता तिचा परिणाम उरलाय, म्हणून 'बसली आहे'. आणि प्रत्यक्ष खाली टेकण्याची क्रिया चालू असेल, गुडघे दुखत असलेली आजी हात टेकत टेकत बसत असेल, तर आपण 'बसतेय' म्हणतो. इंग्रजीत दोन्ही "इज सिटिंग", फार तर दुसऱ्याला "सिटिंग डाऊन". पैठणीचंही तसंच. 'नेसतेय' म्हणजे अजून निऱ्या हातात आहेत, त्याला "शी इज पुटिंग ऑन अ सारी". 'नेसली आहे' म्हणजे तयार होऊन बाहेर आलीय, त्याला "शी इज वेअरिंग". एकदा एका भागात मी घाईने 'नेसतेय'ला "वेअरिंग" लिहून टाकलं होतं, आणि पडद्यावर बंद दाराआडून आवाज येतोय. बघणाऱ्याला वाटणार, तयार आहे तर दार का उघडत नाही? तो भाग गेल्यानंतर माझ्या लक्षात आलं. अजून आठवलं की चुटपुट लागते.

अजून एक, 'आलो, आलो!' स्वयंपाकघरातून हाक आली की आपण भूतकाळात ओ देतो, पाऊल उचललेलं नसतं तरी. इंग्रजीत "कमिंग!" किंवा "आय अ‍ॅम कमिंग". तिथे कुणी "आय केम" लिहिलं तर सगळं दृश्य कोसळतं.

चौथीची_आई

खूप छान चर्चा. मध्येच एक साधा प्रश्न, माझ्या लेकीचं स्पेलिंगमध्ये जातं. रनिंगला एन दोनदा आणि ईटिंगला टी एकदाच, हे कसं सांगू?

रात्रशाळा

शेवटी एकच व्यंजन आणि त्याच्या आधी एकच स्वर असेल तर व्यंजन दुप्पट. रन, स्टॉप, सिट तसे आहेत. 'ईट'मध्ये ई आणि ए असे दोन स्वर आहेत म्हणून टी एकच. मोठ्या शब्दात जोर शेवटच्या भागावर पडत असेल तरच दुप्पट. 'बिगिन'मध्ये जोर शेवटी आहे म्हणून बिगिनिंगला एन दोनदा, 'ओपन'मध्ये जोर सुरुवातीला म्हणून ओपनिंगला एकदाच. शेवटचा न बोलला जाणारा ई गळतो, मेकचं मेकिंग. 'लाय', 'डाय', 'टाय' यांच्यातल्या आयईचा वाय होतो. ट्रॅव्हलिंगला ब्रिटिश दोन एल लिहितात, अमेरिकन एक, शाळेत दोन लिहू द्या. चौथीला एवढं पुष्कळ आहे.

समुद्रपक्षी

माझं थोडं वेगळं मत आहे आणि ते मला कळकळीने मांडायचंय. केळफूलताईंचं वाक्य त्या दोघांना कळलं की नाही? पूर्ण कळलं. अकरा वर्षं, अजून तिथेच. चर्चगेट ते विरार कुणालाही विचारा, "आय अ‍ॅम वर्किंग हियर सिन्स टेन इयर्स" न समजणारा माणूस भेटणार नाही. बँकेत, कोर्टात, शाळेच्या स्टाफरूममध्ये रोज हेच बोललं जातं. इंग्रजी इथे दोनशे वर्षं आहे, इतक्या वर्षांत तिने आपल्याकडून काही घ्यायला नको? मूळ इंग्रजी बोलणारेही नियम वाकवतात. 'लव्ह' हे स्थितीचं क्रियापद, तरी मॅकडोनाल्ड्सने २००३ साली "आय अ‍ॅम लव्हिन इट" जगभर लावलं, आजही आहे. त्यांनी केलं की घोषवाक्य, आपण केलं की अडाणीपणा. अकरा वर्षं लोकांच्या हाताला न दुखवता सुई टोचणारी बाई एका 'हॅव बीन'वरून मागे पडावी, हे मला सहन होत नाही.

मालाडकर

समुद्रपक्षी, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. तिथे हसायला नको होतं, आणि भाषा बदलायला तर नकोच होती.

पण फोनवर मी एक गोष्ट अनुभवली आहे. पलीकडच्या बाईने विचारलं, "हाऊ लाँग हॅव यू बीन वर्किंग ऑन इट?" आणि आमचा पोरगा म्हणाला, "मॅम, वी आर वर्किंग ऑन इट सिन्स टू डेज." तिने ऐकलं 'आर वर्किंग', म्हणजे आत्ता कुणीतरी हातात घेतलंय. दोन दिवस रोज कुणीतरी ते बघत होतं, हे तिला पोचलंच नाही. तिला वाटलं आत्ता सुरू केलं, तिचा आवाज चढला. आपल्याआपल्यात सगळं कळतं कारण ऐकणाराही डोक्यात मराठी-हिंदी धरून ऐकतो. पलीकडच्याच्या डोक्यात ती नसते. आपलं इंग्रजी आपल्यात बोलावंच, मीही बोलतो. फक्त दुसरा पर्याय खिशात असावा.

'लव्हिन इट'चं म्हणाल तर तिथे मुद्दाम आयएनजी आणलाय. 'मला आवडतं' हे नेहमीचं झालं, 'आत्ता, हा घास खाताना मजा येतेय' हे सांगायचंय. नियम माहीत असला की तो वाकवूनही काहीतरी सांगता येतं.

केळफूल

समुद्रपक्षी, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरंच. पण मला शिकायचंय. आमच्याकडे आता विमानतळाजवळच्या हॉटेलांतून परदेशी पेशंटही येतात, त्यांच्याशी नीट बोलता आलं पाहिजे. त्यांना काही तपशील चुकीचा कळला तर रिपोर्ट चुकतो.

जुनी_मुंबई

इथे काळाची चर्चा चाललीय म्हणून माझ्या विषयातलं थोडं. मी शहराच्या इतिहासावर छोटे लेख लिहितो, मराठीतून इंग्रजीतही करतो, आणि 'होती', 'होतो'ने मला फार छळलंय.

'मुंबईत ट्राम धावत होती.' याचं मी पहिल्यांदा केलं होतं, "ट्रॅम्स वेअर रनिंग इन बॉम्बे". वाचणाऱ्या इंग्रज मित्राने विचारलं, धावत होत्या तेव्हा काय झालं? त्याच्या कानाला वाक्य अर्धवट वाटलं. "वेअर रनिंग" म्हटलं की इंग्रजी माणूस पुढे काहीतरी घडण्याची वाट बघतो. ट्राम धावत होत्या आणि तेवढ्यात पाऊस आला, असं काहीतरी. संपून गेलेली जुनी सवय सांगायची तर "ट्रॅम्स रॅन" किंवा "ट्रॅम्स यूज्ड टू रन". घोड्यांची ट्राम १८७४ ला आली, विजेची १९०७ ला, १९६४ ला बंद झाली. एवढा मोठा काळ, पण बंद झाला म्हणून साधा भूतकाळ.

लोकलचं बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सुटली आणि गाड्या अजून धावतायत. म्हणून "ट्रेन्स हॅव बीन रनिंग बिट्वीन मुंबई अँड ठाणे सिन्स १८५३". ट्राम आणि लोकल, दोन्हीला मराठीत 'धावत'च. इंग्रजीत एकीला 'रॅन', दुसरीला 'हॅव बीन रनिंग'. आज ती बंद आहे की चालू, यावर सगळा काळ ठरतो.

'गिरगावात लहानपणी आम्ही चाळीत राहत होतो' हेही तसंच. "वी वेअर लिव्हिंग" नाही, "वी लिव्ह्ड".

अजून एक जुनी गोष्ट. "इज बीइंग बिल्ट" हा प्रयोग इंग्रजीत अठराव्या शतकाच्या शेवटी रूढ व्हायला लागला, आणि पुढे कितीतरी वर्षं व्याकरणवाले त्याला नाकं मुरडत होते. त्याआधी सरळ "द हाऊस इज बिल्डिंग" म्हणत, म्हणजे घर बांधलं जातंय. आज हे चुकीचं वाटेल. पण मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांवर "मुंबई इज अपग्रेडिंग" लिहिलेलं सगळ्यांनी वाचलंय. शहर स्वतःच स्वतःला सुधारतंय अशी तिची ठेवण, जुन्या "हाऊस इज बिल्डिंग"सारखीच. मला ते पत्रे बघून दर वेळी बरं वाटायचं. २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हा मी माझ्या वहीत लिहिलं होतं, "दे हॅड बीन डिगिंग फॉर इयर्स." खोदकाम संपलं, म्हणून 'हॅव'चा 'हॅड' झाला.

विरार_फास्ट

आयएनजी दिसला की चालू काळ असं मात्र समजू नका. स्टेशनवरची घोषणा ऐका, "द ट्रेन अरायव्हिंग ऑन प्लॅटफॉर्म नंबर टू". मराठीत 'फलाट क्रमांक दोनवर येणारी गाडी'. हा 'येणारी' आहे, 'येतेय' नाही. 'नो पार्किंग'मधलं पार्किंग हे 'लावणं' आहे, नाम झालं. आधी 'इज', 'वॉज', 'बीन' असं काहीतरी उभं असेल तरच तो काळ. मी रोजच्या दीड तासात घोषणा आणि पाट्या वाचूनच शिकलो.

उपशीर्षक

विरार_फास्ट, अगदी. त्यावरून आठवलं. पूर्ण आणि पूर्ण-चालू यांच्यातला फरक मला दिवाळीच्या डब्यावरून कळला. डबा उघडला, लाडू कमी दिसतायत, पण आहेत. "समबडी हॅज बीन ईटिंग द लाडूज." डबा उघडला, तळाला नुसता चुरा. "समबडी हॅज ईटन द लाडूज." मराठीत 'कुणीतरी लाडू खातंय' आणि 'कुणीतरी लाडू खाल्ले'.

रात्रशाळा

हे उदाहरण मी चोरणार आहे. त्यालाच जोडून, केळफूलताईंसाठी. आकडा मोजून सांगायचा असेल तर आयएनजी लावत नाहीत. "आय हॅव बीन कलेक्टिंग सॅम्पल्स सिन्स सेव्हन", काम चालू आहे. पण "आय हॅव कलेक्टेड फॉर्टी सॅम्पल्स", चाळीस झाले. "हॅव बीन कलेक्टिंग फॉर्टी" नाही.

आणि स्थितीच्या क्रियापदाला मागचा काळ जोडायचा असला तर आयएनजी न लावता 'हॅव' ठेवायचा. 'मी तिला दहा वर्षांपासून ओळखते', "आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स". 'मला तीन दिवसांपासून ताप आहे' असं पेशंट म्हणाला, तर त्याचं इंग्रजी "आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज". 'हॅव हॅड' ऐकायला विचित्र वाटतं, पण बरोबर आहे. पहिला 'हॅव' मागचा काळ आणतो, 'हॅड' हा ताप जवळ असण्याचा.

ताई, आता तुम्ही लिहा. तुमच्या काउंटरवरची पाच वाक्यं इथे टाका, मी तपासतो. पुस्तकातली नकोत, रोजची हवीत.

केळफूल

सर, दोन दिवस लागले. सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर बसून लिहिली. एक खऱ्या प्रसंगावरून आहे. काल एक काका सगळं नीट पाळून आले आणि बाहेरच्या टपरीवर अर्धा कप चहा घेऊन आत आले. दहा तासांचा उपास त्या अर्ध्या कपात गेला. त्यांना परत पाठवताना मलाच वाईट वाटलं.

हाऊ लाँग हॅव यू बीन फास्टिंग?

ही हॅड बीन फास्टिंग फॉर टेन अवर्स व्हेन ही ड्रँक दॅट टी.

इफ यू स्टॉप ईटिंग अ‍ॅट टेन टुनाइट, यू विल हॅव बीन फास्टिंग फॉर टेन अवर्स बाय एट टुमॉरो.

द ओल्ड लेडी इज सिटिंग आउटसाइड, शी हॅज बीन वेटिंग सिन्स ट्वेंटी मिनिट्स.

आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर इलेव्हन इयर्स अँड आय अ‍ॅम नोइंग ऑल द पेशंट्स.

रात्रशाळा

दुसरं आणि तिसरं वाक्य लिहिलंत तेव्हा तुम्ही माझ्या दहावीच्या वर्गाच्या पुढे गेलात. चौथ्यात "इज सिटिंग" अचूक आहे, 'बसल्या आहेत'ला फसला नाहीत. पण वीस मिनिटं म्हणजे 'गेली वीस मिनिटं', म्हणून "फॉर ट्वेंटी मिनिट्स". पाचव्याचा पहिला अर्धा भाग उत्तम. दुसऱ्यात मालाडकरांचं 'मला' आठवा, मला माहीत आहेत सगळे. "आय नो ऑल द पेशंट्स."

केळफूल

दुरुस्त केलं सर. वहीत तारीख घालून ठेवलंय. चौथ्यातल्या आजी खरोखर बाहेर बसल्यायत, त्यांचं रक्त घेऊन येते.